हिराजवळ बसणारी बाई

"ताट नको उचलू. राहू दे तसंच," कौशल्या म्हणाली.

दुसऱ्या आयेने पुढे केलेला हात मागे घेतला. "सकाळपासून पडून हाये ते. माश्या बसून राहिल्या."

"झाकून ठेवीन मी. तिले भूक लागली अन् ताटच नसलं, तं मागन कोनाले?"

पलंगावरची मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलणं तिच्याबद्दलच चाललं होतं, पण तिची पाठ जराही हलली नाही.

पंधरा वर्षांची पोर, नाव हिरा. कामगारांच्या कॅम्प-१ च्या पलीकडे जुनी खदान होती, पावसाचं पाणी भरून राहिलेली. परवा मजुरांनी तिला त्या पाण्यातून ओढून काढलं होतं. पाय घसरला म्हणावं, तर तिकडे जायला तिला काही कारण नव्हतं. पाण्याला गेली म्हणावं, तर जवळ भांडं नव्हतं. वॉर्डातल्या बायकांनी त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता.

"हेच काय वो ते पोट्टी?" समोरच्या पलंगावरून एकीने विचारलं.

कौशल्या वळली. "हिरा नाव हाये तिचं. तुमाले जसं ऐकू येते, तसं तिलेबी येते."

विचारणारीने कूस बदलली. कौशल्यालाही आपल्या आवाजाचं नवल वाटलं. उलट उत्तर देणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती गोंदियाकडची. नवरा रेल्वेत गँगमन होता, लग्नानंतर वर्षाच्या आत हिवतापाने गेला. तेव्हा ती या हिराएवढीच होती. पुढची सगळी वर्षं दिराच्या घरी गेली. घरात पाहुणे आले की तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलत. हिचं कसं व्हायचं, हिला किती दिवस सांभाळायचं. ती तिथंच भाकरी थापत असायची. कोपऱ्यात ठेवलेल्या पाट्या-वरवंट्याला ऐकू येतं की नाही हे कोणी विचारत नाही, तसं होतं ते. भिलाईत कारखाना उभा राहू लागला, माणसं लागू लागली, तेव्हा दिराच्याच ओळखीने ती इथं दवाखान्यात आया म्हणून लागली. दिराला वाटलं, ओझं गेलं. तिलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. डॉक्टर बंगाली होते, वयाने तरुण, नुकतेच कलकत्त्याहून आलेले. बोलताना ते नेहमी चष्मा काढून हातात धरत.

"कौशल्या, बुखार उतर गया है. छाती भी साफ है. अब जो तकलीफ है, उसकी दवा मेरी अलमारी में नहीं है."

त्यांनी आत हिराच्या पलंगाकडे बघितलं.

"नागपुर भेज सकता हूँ, वहाँ बड़ा अस्पताल है इन बीमारियों का. लेकिन वहाँ इसके पास अपना कौन बैठेगा? बाप की नौकरी यहाँ. तुम बैठो इसके पास. पूछना कुछ मत. बस अकेली मत छोड़ना."

"साहब, मैं क्या करूँगी? मुझे तो कुछ आता नहीं."

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मुझे भी कहाँ आता है," ते म्हणाले आणि पुढच्या वॉर्डाकडे गेले.

तेव्हापासून कौशल्या बसू लागली. धुतलेल्या पट्ट्यांचा ढीग मांडीवर घ्यायची आणि एकेक पट्टी गुंडाळत राहायची. कोणी हाक मारली की उठायची, काम करून परत यायची. उठताना सांगून उठायची. "भांडं ठेवून येतो, हिरा. तठीच हाये मी." विदर्भातल्या बायका बोलतात तसं ती स्वतःलाही 'येतो, जातो' म्हणायची. आल्यावर सांगायची, "आली व मी." पाठीकडून उत्तर यायचं नाही, आणि तीही ते मागायची नाही. अंगाला हात लावायच्या आधी मात्र सांगायची, "आता तुझं डोकं उचलतो, पानी पाजतो." मूल धरून औषध पाजतात तसं तिने हिराला कधी धरलं नाही.

भट्टी पेटल्यापासून कारखान्याच्या धुराड्यांची लाल धूळ दवाखान्यापर्यंत यायची. खिडकीच्या चौकटीवर, चादरीवर, पाण्याच्या भांड्यावर तिचा थर बसायचा. कौशल्या सकाळी तो पुसायची आणि मग हिराचे केस हातात घ्यायची. त्यांची पार जट झाली होती. सिस्टर म्हणाली, कापून टाक. कौशल्याने कापले नाहीत. टोकाकडून थोडे थोडे सोडवत ती रोज बोटभर वर सरकायची. एके सकाळी कंगवा अडकला तेव्हा हिरा "आँ" म्हणाली. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज.

"दुखलं का? थांबतो," कौशल्या म्हणाली, आणि खरोखरच थांबली. त्या दिवशी हिराने अर्धी पोळी खाल्ली.

बाप रोज पाळी सुटली की यायचा. देवराव नाव, भंडाऱ्याकडचा शेतकरी गडी. इथं खलाशी म्हणून लागला होता, लोखंडाचे गर्डर दोराने वर चढवायचं काम. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको वच्छला बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. तो वॉर्डाच्या दाराशी यायचा, भुवयांवरची धूळ पंच्याने पुसायचा आणि आत न येता तिथूनच विचारायचा, "खाल्लं का तिनं?" कौशल्या मान हलवायची, कधी होकाराची, कधी नकाराची. तो थोडा वेळ मुलीच्या पाठीकडे बघत उभा राहायचा आणि निघून जायचा.

एकदा त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण आली. तुळसाबाई. वच्छला गेल्यापासून भावाचा संसार तीच बघत होती. ती दाराशी थांबली नाही, सरळ पलंगाशी आली, पदराच्या गाठीतलं लिंबू काढून पोरीवरून उतरवू लागली.

"बाहेरचं हाये हे, बाई," ती कौशल्याला म्हणाली. "खदानीत कोनतं न कोनतं असतेच. डोंगरगडाकडं एक बाबा हाये. मिरचीची धुनी देते, केस धरून बोलते करते. दोन घडीत निंगून जाते बाहेर. देवराव, डाक्तरले सांग, घरी नेतो म्हना."

हिराने गुडघे पोटाशी घेतले. कौशल्याने ते पाहिलं.

"तुळसाबाई, बाहेर चाला जरा," ती म्हणाली, आणि व्हरांड्यात आल्यावर तिने हात जोडले. "तुमी तिच्या आत्या. तिचं वाईट चितनार नाही तुमी. पन ते पोरगी आदीच एकदा बुडून वर आली हाये. तिले धूर नका देऊ. मायासाठी म्हना."

"तू कोन व सांगनारी? तुले लेकरू ना बाळ."

"नाही मले," कौशल्या म्हणाली. "म्हनून तं रिकामी हावो. बसू द्या मले तिच्याजवळ."

तुळसाबाई काही बोलणार होती, पण देवराव मध्येच म्हणाला, "राहू दे, ताई. डाक्तर म्हनन तवा नेऊ." एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

मग एका दुपारी शेजारच्या पलंगावर एक रेजा, बांधकामावरची मजूर बाई, आणली गेली. डोक्यावर विटा वाहताना पाय मोडला होता. तिच्याबरोबर तिचं लहान मूल होतं. तिला पट्टी करायला आत नेलं आणि मूल वॉर्डातच राहिलं. त्याने दाराकडे बघून एकच टाहो फोडला. "दाई! दाई वो! दाई!"

छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात.

कौशल्या मुलाला उचलायला वळली आणि तिला मागून पलंगाचा आवाज आला. हिरा उठून बसली होती. दोन्ही कानांवर हात गच्च दाबलेले, डोळे ताणलेले, सगळं अंग थरथरत होतं. "चूप कर त्याले! चूप कर!" ती ओरडत होती. कौशल्याने मूल दुसऱ्या आयेच्या हवाली केलं आणि ती हिराच्या शेजारी पलंगावर बसली.

"धरू का तुले?" तिने विचारलं.

हिराने मान हलवली की नुसतीच कापली, ते कळलं नाही. कौशल्याने तिला धरलं. हिराने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. मग तोंड कौशल्याच्या खांद्यात तसंच ठेवून हिरा बोलू लागली.

"मी तं धावतच निंगाली होती. बाबा कामावर. मायचं पोट दुखाले लागलं. माय म्हने, जाय, दाईले घेऊन ये. बाळंतपनाची दाई नाल्यापलीकडं राहे. मले रस्ता मालूम होता. पन त्या दिवशी तठी रस्ताच नव्हता. हे एवढी मोठी नाली खोदून ठेवली होती अन् मातीचे ढिगारे. मी इकडून गेली, तिकडून गेली, फिरून तठीच. मंग रेजा बायका दिसल्या. मी त्याहीले म्हटलं, दाई पायजे, माही दाई कुठी हाये. मी रडत होती. त्या म्हने, तोर दाई गँवागे का, नोनी?"

कौशल्याचा हात जागीच थांबला. तुझी आई हरवली का, पोरी.

"त्याहीले वाटलं, मी हरपली. मले सावलीत बसवलं. पानी देल्लं. झन रो, आ जाही, म्हने. रडू नको, येईन तुही माय. एक बाई डोक्यावरून हात फिरवे. मी उठो, तं बसवे. लय चांगल्या होत्या वो त्या. मी सांगो, तं त्याहीले समजेच ना. मंग नागपूरकडचा एक मानूस आला, त्याले समजलं. त्यानं दाईचं घर दाखवलं. आमी आलो तवा माय थंडी पडली होती. एकटीच होती. दार उघडंच होतं."

ती थांबली. कौशल्याने घाई केली नाही.

"बाबा आले. म्हने, कुठी मेली होती तू?"

पुढचं ती इतक्या हळू बोलली की कौशल्याला मान वाकवावी लागली.

"अन् मंग त्या दिवशी नळावर गेली मी. तठी एक छत्तीसगढी बाई दुसरीले सांगे, घरी दिवस भरले, सुईन ला बला, बोलाव तिले. सुईन, म्हने. मावशी, हे लोकबी सुईनच म्हनतात! आपल्यासारखंच! माही आजी सुईनच म्हने. मले येत होता तो शब्द. येत होता न मले! तवा कावून नाही आला तोंडात? एक शब्द तं होता. मी पान्याचा गुंड तठीच नळाखाली ठेवला अन्..."

कौशल्याला वाटलं, काहीतरी बोलावं. तुझी चूक नाही म्हणावं, देवाची मर्जी म्हणावं, शब्द आला असता तरी तिची वेळ आली होती म्हणावं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात असले शब्द पुष्कळांनी तिच्या पदरात टाकले होते, आणि त्यांतला एकही उपयोगी पडला नव्हता.

"मले नाही मालूम, बाई," ती म्हणाली. "कावून नाही आला, मले नाही मालूम."

हिरा रडली. त्या दुपारी वॉर्डातल्या एकाही बाईने मान वर करून बघितलं नाही.

देवराव आला तेव्हा कौशल्या त्याला पायऱ्यांवरच भेटली. जे ऐकलं होतं ते तिने सांगितलं. रस्ता, रेजा बायका, सुईन. शेवटी त्याचं ते वाक्यही सांगितलं.

"मी असं म्हटलं?" देवरावने विचारलं.

"ती म्हनते."

"मले आठोतबी नाही, बाई." तो पायरीवर बसला. "आमच्याकडं बोलतातच तसं. ढोर चुकलं तरी म्हनतो, कुठी मेलं होतं. बोलन्यातलं बोलनं ते."

"तुमी बोलून गेले. तिनं ते ठेवून घेतलं."

तो आत गेला. इतके दिवस दाराशी थांबणारा माणूस प्रथमच पलंगाशी येऊन उभा राहिला. "हिरा, घरी चाल," तो म्हणाला. "तुह्याबिगर घर खायाले उठते."

हिराची पाठ हलली नाही. त्याने कौशल्याकडे बघितलं. कौशल्याने मान हलवली. हे नाही, देवराव. त्या दिवशीचं बोला.

तो फरशीवर बसला. बसल्यावर त्याचं तोंड पोरीच्या पाठीच्या उंचीला आलं.

"तू कुठीच नव्हती मेली, बेटा," तो म्हणाला. "तू मायसाठी धावून राहिली होती. घरी तं मी नव्हतो. सकाळी निंगताना तुही माय मले म्हने, आज नका जाऊ. जीव कसातरी होते म्हने. मी म्हटलं, बायाचं नेहमीचंच हाये. हजेरी कटन म्हटलं." त्याने पंचा तोंडाला लावला. "हे मी कोनाले सांगतलं नाही. ताईलेबी नाही. तुले सांगून राहिलो."

कौशल्या दोन पावलं मागे सरली. तिला तिथून निघून जायचं होतं, पण डॉक्टरांनी एकटं सोडू नको म्हटलं होतं, आणि आता तिथं एकटी असलेली माणसं दोन होती.

हिरा वळली. बापाकडे तिने बघितलं की नाही, ते कौशल्याला दिसलं नाही. तिने फक्त पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला एका माणसापुरती जागा केली.

पोर घरी गेली, पण त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. डॉक्टरांनी देवरावला बजावून सांगितलं होतं की हे तापासारखं उतरत नाही, पुन्हा पुन्हा येईल, रागावू नका. आणि ते येई. कौशल्या सुट्टीच्या दिवशी कॅम्पात जायची. कधी हिरा चुलीपाशी गात असायची, तर कधी टिनाच्या भिंतीशी मुटकुळं करून पडलेली असायची. मग कौशल्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची. तुळसाबाई सुरुवातीला तोंड वाकडं करायची. पुढे तीच कौशल्या दिसली की म्हणू लागली, "आली का व? बस. आज लय वंगाळ दिवस हाये तिचा."

हिरा शेजारणींकडून छत्तीसगढी शिकली, तेलुगू बायकांकडून थोडंफार तेलुगूही. झपाटल्यासारखी शिकली. कोणतीही वस्तू उचलून विचारायची, हिला तुमच्यात काय म्हणतात? बायका हसायच्या. कौशल्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हिरा म्हणाली, "मावशी, मले तठी जाचं हाये." दोघी गेल्या. नालीही नव्हती आणि ढिगारेही नव्हते. पाइप टाकून माती बुजवली होती, वरून पक्की सडक गेली होती, कडेला विजेचे खांब होते. कारखान्यावरच्या रशियन साहेबांची बस धूळ उडवत गेली. रेजा बायकांनी जिथं बसवलं होतं ते झाड हिराने खूप शोधलं. कधी म्हणायची इथं, कधी म्हणायची तिथं. शेवटी ती सडकेच्या मधोमध उभी राहिली. "इथी काहीच नाही वो," म्हणाली. कौशल्याने तिचा हात धरला आणि तिला कडेला घेतलं.

त्यानंतर वंगाळ दिवस कमी झाले. संपले नाहीत, पण हिरा ते येताना ओळखू लागली. आपणहून दवाखान्यात यायची. "मावशी, येऊन राहिलं," एवढंच म्हणायची आणि पट्ट्यांचा ढीग पुढे ओढायची. डॉक्टर येता-जाता तिला बघायचे, मान हलवायचे, काही विचारायचे नाहीत.

हिरा अठराची झाली आणि तुळसाबाईने स्थळ आणलं. मुलगा रेल्वेच्या यार्डात, माणसं आपल्याकडचीच, तुमसरची. कौशल्याला ही बातमी नळावरच्या बायकांकडून कळली. हिरा त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. मग एके दिवशी सकाळीच देवराव तिच्या खोलीवर आला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. हातात अक्षता नव्हत्या. ते कौशल्याने आधी पाहिलं.

"या," ती म्हणाली. "चहा मांडतो."

"नको, बाई." तो खाटेच्या अगदी कडेवर बसला. टोपी काढली, परत घातली. "हिराचं लगन हाये."

"समजलं मले. चांगलं झालं."

"लोक चांगले हायेत. पन जुन्या वळनाचे." तो जमिनीकडे बघत होता. "ते दवाखान्याचं आमी सांगतलं नाही त्याहीले. सांगतलं असतं, तं उठून गेले असते. तुमी मांडवात दिसल्या, तं कोनीतरी इचारन, ह्या कोन. कॅम्पातलं कोनीतरी सांगन, दवाखान्यातली आया. मंग इचारन, कोन बिमार होतं..." त्याने टोपी पुन्हा काढली. "हिरा लय रडली. म्हने, मावशी नाही तं लगन नाही. मीच तिले चूप केलं. तुमी नसत्या, तं पोरगीच नसती. अन् मी तुमाले नका येऊ म्हनाले आलो. थुंका माया तोंडावर."

कौशल्याने स्टोव्ह पेटवला. तोंड दुसरीकडे करायला तेवढं निमित्त पुरे होतं.

"त्यात थुंकन्यासारखं काय हाये, देवराव," ती म्हणाली. "मायी त्या दिवशी ड्यूटीच हाये. येता आलं नसतंच." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "नवऱ्या मुलाचा सोभाव पाहिला का? रागीट तं नाही न?"

"नाही, बाई. शांत हाये."

"मंग झालं. तिच्यावर कोनी मोठ्यानं बोललं नाही पायजे."

चहा पिऊन देवराव गेला. लग्नाच्या दिवशी कौशल्याची खरं तर सुट्टी होती. दुसऱ्या आयेशी बदली करून ती कामावर गेली. कॅम्पातला बँड दवाखान्यापर्यंत ऐकू यायचं कारण नव्हतं, पण दिवसभर तिचं लक्ष खिडकीकडे होतं.

दीड-दोन वर्षं गेली. बंगाली डॉक्टर बदलून गेले. देवरावला खुर्सीपारकडे क्वार्टर मिळालं. कौशल्याची बाळंतिणींच्या वॉर्डात बदली झाली. हिरा कशी आहे, हे ती कोणाला विचारत नव्हती. विचारलं असतं तर कोणीतरी उलट विचारलं असतं, तुला कशाला?

एका रविवारी ती सेक्टर ६ च्या बाजारात गेली होती. दिवाळी जवळ आलेली, गर्दी होती, सायकली माणसांत घुसत होत्या. बांगड्यांच्या दुकानासमोर तिला एक पोपटी लुगडं दिसलं. आधी लुगडं दिसलं, मग त्या लुगड्यातली मुलगी. अंग भरलेलं, केसांचा घट्ट अंबाडा, पोट पुढे आलेलं. सहावा-सातवा असावा. शेजारी एक सावळी, उंच बाई पिशवी धरून उभी होती.

त्याच क्षणी हिराने वर बघितलं. तिचं तोंड उघडलं, सगळा चेहरा उजळला, आणि ती दोन पावलं पुढे आली. मग मागून सासूने विचारलं, "कोन वो ह्या? वळखीच्या हायेत का?"

हिरा थांबली. तोंड उघडंच राहिलं. कौशल्याला ते तोंड ओळखीचं होतं. शब्द आत आहे आणि बाहेर येत नाही, असं ते तोंड. जुना थरकाप तिच्या हनुवटीशी येऊन उभा राहिलेला तिने पाहिला. आता ही काय सांगेल? खोटं बोलता येत नाही हिला. आणि खरं सांगितलं, तर ती पिशवीवाली बाई आज रात्री घरी काय विचारेल?

"नाही, बाई," कौशल्याच पुढे होऊन सासूला म्हणाली. "मीच चुकली. मले वाटलं, आमच्या गावची पोर हाये. तिच्यासारखीच दिसते."

"होते असं," सासू हसली. "इथी सारा मुलूख जमा झाला. वळखीचे चेहरे दिसतात, अन् जवळ गेलं तं भलतेच."

"हो न." कौशल्याने हिराच्या पोटाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं नाही. "पहिलंच का?"

"पहिलंच," सासू म्हणाली. "जपतो आमी. एकटी म्हनून सोडत नाही तिले कुठी."

"नका सोडू," कौशल्या म्हणाली.

ती वळली आणि पलीकडच्या भाजीवालीपुढे जाऊन उभी राहिली. टोपलीत वांगी होती, त्यांच्याकडे बघत राहिली. मागे काय चाललं आहे, हे तिने वळून पाहिलं नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बांगड्यांच्या दुकानातून हिराचा आवाज आला. आधी कापरा होता. ती दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालत होती. हिरव्या दाखव म्हणत होती, ह्या नको, त्या वरच्या दाखव. दुकानदार काही म्हणाला, तशी ती आणखी मोठ्याने बोलली, भांडल्यासारखी. सासू हसली.

"का लेबे, बाई?" भाजीवालीने विचारलं. काय घेणार.

कौशल्याने तिला हाताने थांब म्हणून खुणावलं. त्या दोघींची खरेदी होऊन त्या गर्दीत निघून जाईपर्यंत ती तशीच, बाजाराकडे पाठ करून उभी राहिली.